काढा, काटलुं आणि फोन: गरोदर बाईनं विचारायचं कुणाला?

बडोद्यातल्या मराठी घरात सुनेला दिवस गेले की दोन प्रांतांचं शहाणपण एकदम दारात उभं राहतं. माहेरून डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओव्याची धुरी. शेजारच्या गुजराती बेन सांगतात सूंठ-गंठोडा, गुंदरची (डिंकाची) राब, सुव्याचं (शेपेचं) पाणी आणि बाळंतपणानंतर खायचं काटलुं, म्हणजे औषधी मसाले घातलेला गोड पदार्थ. शिवाय हातात फोन असतोच. त्यात कुणी पांढरा कोट घालून शतावरीचे गुण सांगत असतं, कुणी केशराच्या दुधानं बाळ गोरं होतं म्हणतं, आणि घरच्या ग्रुपवर एखादी आत्या 'गरोदरपणात हे पाच पदार्थ विष आहेत' असा संदेश दोनदा पाठवते.

एवढ्या गर्दीत त्या बाईला एकच गोष्ट हवी असते. हे मी घेऊ का, आणि हे मी नेमकं कुणाला विचारू? पहिल्या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ आहेत, दुसऱ्याकडे फारसं कुणी वळत नाही. म्हणून हा लेख दुसऱ्या प्रश्नावर. डॉक्टरांनी लिहून न दिलेलं पण औषध म्हणून घेतलं जाणारं जे जे काही असतं, म्हणजे काढे, चूर्णं, आयुर्वेदिक गोळ्या, होमिओपॅथी, टॉनिकं, जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल, ते सगळं 'पूरक औषधं' या नावाखाली इथे धरलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. असं काही घेणाऱ्या बायका भाबड्या असतात, अडाणी असतात, असं दवाखान्यांत अजूनही सर्रास मानलं जातं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २३ देशांतल्या ९,४५९ स्त्रियांना विचारलं होतं. त्यांतल्या २८.९ टक्के जणींनी गरोदरपणात वनौषधी घेतल्या होत्या. ही प्रामुख्यानं युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडची मंडळी, आणि यादीत वरच्या क्रमांकावर कोण, तर आपलं आलं. म्हणजे हे केवळ आपल्या आजीबाईच्या बटव्यापुरतं नाही. मळमळ, बद्धकोष्ठता, सर्दी, झोप न लागणं, पाठदुखी या तक्रारी छोट्या वाटतात, पण चोवीस तास सोबत असतात. गोळी घ्यायची भीती वाटते, आणि 'होतंच असं या दिवसांत' एवढ्यावर डॉक्टर विषय मिटवतात. सोनोग्राफी, इंजेक्शनं, तारखा हे सगळं दुसऱ्यांच्या हातात असताना एक कप सुंठेचा काढा तिच्या स्वतःच्या हातात असतो. मला यात काही गैर दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन या विषयाचा अभ्यास झाला आहे. त्यात दिसलेली गोष्ट आपल्याकडेही डोळ्यांपुढे घडते: बायका एकाच ठिकाणी विचारून थांबत नाहीत. आईला विचारतात, मैत्रिणीला विचारतात, इंटरनेटवर बघतात, मग डॉक्टर किंवा सुईणीचं मत घेतात, आणि ही सगळी उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतात. रीत चांगलीच आहे. फक्त ताडून पाहायचं तर उत्तरं वेगवेगळ्या मुळांतून यायला हवीत. मावशीनं जे सांगितलं ते तिला ग्रुपवर आलं होतं, ग्रुपवरचं रीलमधून उचललेलं होतं आणि रील एका चूर्ण विकणाऱ्यानं बनवलेलं होतं, तर तिघांनी सांगितलं असं वाटलं तरी सांगणारा एकच आहे. म्हणून कुणी काही सांगितलं की 'तुला हे कुठून कळलं?' एवढं विचारावं. वाईट वाटून घेण्यासारखा हा प्रश्न नाही, आणि निम्म्या गोष्टी तिथेच गळून पडतात.

'आम्ही खाल्लं, काही झालं नाही'

घरातला सगळ्यात वजनदार पुरावा हा. सासूबाई खोटं बोलत नसतात, त्यांनी खरंच खाल्लेलं असतं आणि खरंच काही झालेलं नसतं. तरीही या वाक्यातून किती निष्कर्ष काढता येतो, ते थोडं हिशेबानं बघू.

आईनं काहीही वावगं घेतलेलं नसलं तरी १०० बाळांमागे साधारण २ ते ३ बाळांत जन्मतः एखादा मोठा दोष असतो. आता समजा, एखाद्या चूर्णानं हा धोका थेट दुप्पट होतो. औषधशास्त्रात ही भयंकर गोष्ट मानली जाईल. तरी ते चूर्ण घेणाऱ्या १०० बायकांपैकी ९४ ते ९६ जणींची बाळं ठणठणीत जन्मतील, आणि त्या सगळ्या पुढे चाळीस वर्षं अगदी मनापासून सांगतील की आम्ही खाल्लं, काही झालं नाही. ज्या चार-सहा जणींच्या बाबतीत झालं, त्या गप्प बसतील, किंवा नशिबाला, ग्रहणाला बोल लावतील. चूर्णाकडे कुणाचं बोट जाणार नाही.

धोका याहून कमी, म्हणजे हजारात एक असेल, तर तो एकदा तरी नजरेस पडेल याची बऱ्यापैकी खात्री वाटायला तीनेक हजार बायका पाहाव्या लागतात. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या सुईणीलाही तेवढ्या बायका एकाच औषधावर, नोंदी ठेवून, पाहायला मिळत नाहीत.

म्हणून परंपरेला मोडीत काढायचं का? मुळीच नाही. परंपरा काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही, एवढं ओळखायचं. खाल्ल्यावर तासाभरात मळमळ थांबली, अमुक पदार्थानं पोट बिघडलं, तमुक पाल्यानं अंगावर पुरळ उठलं, कच्च्या पपईनं पोटात कळा आल्या, हे अनुभवानं कळतं, आणि आजीचं निरीक्षण इथे पुष्कळदा अचूक असतं. कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पूर्ण पिकलेल्या पपईनं तसं झालं नाही. आल्याचंही तसंच. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या मळमळीवर आलं वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मान्यता दिली आहे. अभ्यासांत दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठेएवढं प्रमाण वापरलेलं दिसतं.

पण जे हळू घडतं, दुर्मिळ असतं किंवा वर्षांनी दिसतं, ते घरच्या अनुभवाच्या टप्प्याबाहेर राहतं. शिशाचं उदाहरण घ्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये रक्तात शिसं वाढलेल्या सहा गरोदर स्त्रियांची नोंद झाली. भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं त्या घेत होत्या. शिसं हाडांत साठून राहतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना शरीर हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढतं, त्याबरोबर शिसंही सुटतं, वारेतून बाळाकडे जातं आणि थोडं दुधातही उतरतं. बाळाच्या मेंदूसाठी त्याची 'एवढी चालेल' अशी मात्रा नाही. आणि लक्षणं? आईला बहुधा काहीच जाणवत नाही. मूल शाळेत मागे पडलं, तर आठ वर्षांपूर्वीच्या गोळ्या कुणाला आठवणार?

डॉक्टरांनाही का माहीत नसतं

'डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या नका घेऊ. का, ते नाही सांगितलं.' ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी, पुढे गरोदर स्त्रियांच्या मळमळीसाठीही ते दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांची वाढ खुंटलेली किंवा इतर व्यंगं असलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तो देश बराचसा वाचला.

त्या धक्क्यानंतर औषधांच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना बाहेरच ठेवण्याची पद्धत पडली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की त्यांच्यासाठी काय सुरक्षित आहे, याची माहितीच फार कमी जमली. ॲलोपॅथीच्या औषधांची ही गत, तर वनौषधींचं विचारायलाच नको. त्यामुळे डॉक्टरांचं 'नका घेऊ' म्हणजे पुष्कळदा 'याची पुरेशी माहिती नाही' असंच असतं. तसं स्पष्ट सांगितलं तर बाई ऐकते. नुसतं झिडकारलं तर ती पुढच्या वेळी विचारतच नाही, आणि नुकसान तिथे सुरू होतं.

दवाखान्यात रोज घडणारी एक छोटीशी गोष्ट आहे. डॉक्टर विचारतात, 'दुसरी काही औषधं चालू आहेत?' बाई म्हणते, 'नाही.' ती लपवत नसते. सकाळचा काढा, शतावरीचा कल्प, नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेल्या कॅप्सूल यांना ती औषध समजतच नाही. डॉक्टर मंडळींनी प्रश्न फक्त बदलून पाहावा: 'घरचं, देशी, ताकदीचं म्हणून काय काय घेता?' उत्तर वेगळं येतं.

आपलंही तेच. 'मी शतावरी घेऊ का?' असं विचारलं तर उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. वस्तू हातात घेऊन जा. डबा असेल तर डबा, पुडी असेल तर पुडी. नाहीच जमलं तर लेबलाचा फोटो.

बत्रीस वस्तूंची पुडी

नववा महिना लागलेल्या एका ओळखीच्या मुलीबरोबर मी मांडवीकडच्या देशी ओसडियांच्या (जडीबुटीच्या) दुकानात गेले होते. बाळंतपणानंतरच्या काटलुंसाठी बत्रीसुं, म्हणजे बत्तीस वस्तूंची पूड, आणायचं होतं, आईनं चिठ्ठी दिली होती. काकांनी पिंपातून वाटीनं पूड काढली, काट्यावर तोलली, कागदी पिशवीत भरली. सुंठेचा झणझणीत वास, खाली गंठोड्याचा तिखट मागमूस. पिशवीवर पेननं वजन आणि किंमत, बाकी काही नाही.

'काका, यात काय काय असतं?' तिनं विचारलं.

'बेन, बत्रीस वस्तू छे. बधुं सारुं छे.'

'नावं सांगाल? मला लिहून घ्यायचीत.'

काकांना नवल वाटलं, पण राग आला नाही. ते बोटांवर मोजू लागले. सूंठ, गंठोडा, गोखरू, कमरकस, धोळी मूसळी, शतावरी, आसंध, एखरो... डझनभर नावं झाली आणि ते थांबले. 'बाकी मसाला मिक्स आवे छे, ऊपरथी.'

म्हणजे विकणाऱ्यालाही निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. तिनं फोनवर जेवढी नावं टिपली तेवढी घेऊन ती पुढच्या तपासणीला गेली. यादी वाचता वाचता डॉक्टरांचं बोट आसंधवर थांबलं. आसंध म्हणजे अश्वगंधा. ही मुलगी लग्नाआधीपासून थायरॉईडची गोळी घेते. अश्वगंधेनं शरीरातलं थायरॉईड संप्रेरक वाढू शकतं. गोळी वर घेत असताना ही पूड दोन वेळा पोटात गेली, तर हिशेब बिघडण्याची शक्यता, आणि रक्ताचा रिपोर्ट विचित्र आला तर कारण कुणाला सुचणार नाही. तीन मिनिटांच्या तपासणीत हे निघालं, कारण यादी समोर होती. पुढे तिच्या आईनं घरीच सुंठ, डिंक, खोबरं, खारीक, गूळ, तूप घालून लाडू केले. त्यातली प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या डब्यातली, आपण रोज ओळखतो ती.

गंठोड्याचीही नोंद करून ठेवण्यासारखी आहे. गंठोडा म्हणजे पिंपळमूळ. त्यात आणि मिऱ्यांत पायपेरिन असतं, ते इतर काही औषधांचं शोषण वाढवतं. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या बाईच्या रक्तात औषधाची पातळी यानं बदलू शकते. चिमूटभर आमटीत पडलं तर काळजी नाही. रोज चमचाभर औषध म्हणून घेणं निराळं.

हा फरक सगळीकडे लागू होतो, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी फरक हाच आहे: जेवणातली मात्रा आणि औषधाची मात्रा. मेथीची भाजी खाणं आणि मेथीच्या अर्काच्या कॅप्सूल दिवसाला तीनदा घेणं एक नव्हे. हळदीचं दूध आणि हळदीतल्या करक्युमिनची गोळी एक नव्हे. ज्येष्ठमधाची काडी कधीतरी चघळणं निराळं, खोकल्याच्या काढ्यातून रोज पोटात जाणं निराळं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन जास्त प्रमाणात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं, आणि आईच्या शरीरातलं तणावाचं संप्रेरक बाळापर्यंत पोचू न देणारं वारेतलं एक विकर (एन्झाइम) त्यानं मंदावतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-चॉकलेटं आवडीनं खातात. तिथे गरोदर स्त्रियांना ती भरपूर खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. रक्तदाब आधीच चढलेल्या बाईनं खोकल्याच्या काढ्याची बाटली उचलताना मागचं लेबल वाचावं ते यासाठी.

लेबल असेल तर वाचता येईल, हे ओघानं आलंच. पॅकबंद आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असायला हवी, असं आपले औषधविषयक नियम सांगतात. विषारी गणलेले घटक असतील तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशाराही हवा. यातलं काही दिसत नसेल, तर ते औषध या नऊ महिन्यांत घरात आणू नये. परवाना आहे म्हणजे गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली आहे, असं मात्र समजू नका. ग्रंथोक्त औषधांना नव्यानं चाचण्या करून दाखवाव्या लागत नाहीत. आणि नावात 'रस', 'भस्म', 'सिंदूर', 'पर्पटी' दिसलं तर त्यात धातू आहे का, हे वैद्यांना सरळ विचारावं.

वैद्यांचं नाव निघालं म्हणून सांगते. 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे निर्धोक' हे आयुर्वेदही म्हणत नाही. चरकसंहितेत गर्भिणीला तेलानं काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं, हिंदकळू न देता सांभाळावं, असं सांगितलं आहे. या काळात तीक्ष्ण औषधांपासून दूर राहण्यावर ग्रंथांचा भर आहे. जो वैद्य नाडी पाहतो, चालू असलेल्या गोळ्या विचारतो, कितवा महिना ते विचारतो आणि मग अर्ध्याहून जास्त गोष्टींना नको म्हणतो, तो खरा जाणकार. बडोद्यात पाणीगेटबाहेर सरकारी आयुर्वेद कॉलेज आणि रुग्णालय आहे. रीलमधल्या अनोळखी माणसाला पैसे पाठवण्यापेक्षा तिथल्या ओपीडीत जाऊन शिकलेल्या वैद्यांना विचारणं केव्हाही बरं.

दुधाची काळजी आणि बाळाची गुटी

बाळ झालं की प्रश्न बदलतो. आता एकच धास्ती: दूध पुरतं ना? बाळ रडलं की सगळ्यांची नजर आईच्या छातीकडे जाते. पुढच्या तासाभरात मेथी, शतावरी, अळीव, बाळंतशेपा, जिरं यांची यादी तयार.

दूध वाढवणाऱ्या या पदार्थांवर चाचण्या झाल्या आहेत. २०२० मध्ये दूध वाढवणारे पदार्थ आणि औषधं यांवरच्या ४१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातून ठामपणे सांगण्याजोगं फार थोडं निघालं, कारण चाचण्या लहान आणि पद्धती कच्च्या. म्हणजे हे पदार्थ कुचकामी आहेत असंही सिद्ध झालेलं नाही. अळिवाची खीर पौष्टिक आहे, बाळंतिणीला भूक असते, कुणी प्रेमानं करून वाढलं तर तिनं आनंदानं खावी. पण दूध मुख्यतः वाढतं ते बाळ जितकं ओढेल आणि स्तन जितके रिकामे होतील त्यावर. बाळाची पकड चुकत असेल, तर शतावरीचे डबेच्या डबे संपले तरी उपयोग नाही, आणि त्या भरवशावर बसलं की पकड सुधारण्याचे मोलाचे दिवस हातचे जातात. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय आणि दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, तर दूध पुरतंय. हे दोन प्रश्न सिस्टरना, आशाबेनना (आशा कार्यकर्तीला) किंवा बाळाच्या डॉक्टरांना विचारायचे, औषधाच्या दुकानात नव्हे.

दुधातून औषध किती जातं, याचा ॲलोपॅथीत एक ठोकताळा आहे. आईच्या वजनाच्या हिशेबात तिनं घेतलेल्या मात्रेपैकी बाळाला किती टक्के मिळतं ते काढतात, आणि १० टक्क्यांखाली असेल तर सहसा चालतं असं धरतात. हे गणित करायला औषधातला रेणू माहीत हवा, दुधातलं प्रमाण मोजलेलं हवं. बत्रीस वस्तूंच्या पुडीत असे शेकडो रेणू असतात आणि त्यांतले बहुतेक दुधात कधी मोजलेच गेलेले नाहीत. म्हणून एखादी बाई 'यातलं दुधात काय उतरतं?' असं विचारते तेव्हा प्रामाणिक डॉक्टर, प्रामाणिक वैद्य, दोघंही गप्प होतात.

मेथीचं एक मजेशीर पण उपयोगी निरीक्षण आहे. आईनं भरपूर मेथी घेतली की बाळाच्या घामाला, लघवीला गोडसर पाकासारखा वास येऊ शकतो. असाच वास एका दुर्मिळ आनुवंशिक आजारातही येतो. आईनं मेथीचं सांगितलं नाही, तर डॉक्टर त्या आजाराच्या तपासण्या सुरू करतील आणि घराचे चार दिवस घोर काळजीत जातील. मेथीनं रक्तातली साखरही उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाळंतिणीनं हे ध्यानात ठेवावं.

आणि गुटी. सहाणेवर उगाळलेली हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष, सागरगोटा. किती घरांत ती मायेनं दिली जाते, मला ठाऊक आहे. तरी पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीही नको, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे. गुटीत मध घालत असाल तर तो बाळ वर्षाचं होईपर्यंत बंद, कारण मधातल्या जंतूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. घरात यावरून वाद होत असेल तर सुनेनं एकटीनं भांडू नये. सासूबाईंना बाळाच्या डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जावं आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. मान राहतो आणि उत्तरही मिळतं.

एक औषध कुणालाही न विचारता फेकून द्यायचं

मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलं जाणारं औषध. शिवलिंगीचं बी, कुठल्या तरी बाबाची पुडी, वासरू असलेल्या गायीच्या दुधाबरोबर. हे उत्तर भारतातलं लोण आहे असं म्हणून आपण हात झटकू शकत नाही, आपल्याकडेही ते कानावर येतं. बाळाचं लिंग बीज फळतं त्या क्षणी ठरतं. पुरुषाच्या शुक्रजंतूत एक्स असेल की वाय, एवढाच तो प्रश्न. दोन महिन्यांनी दिलेल्या पुडीनं त्यात तसूभर फरक पडत नाही. मात्र नेमक्या याच आठवड्यांत बाळाचं हृदय, हात, पाय, मेंदू घडत असतात. हरियाणातल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या स्त्रियांमध्ये व्यंग असलेली बाळं आणि मृतजन्म यांचं प्रमाण जास्त आढळलं. अशा पुड्यांमध्ये स्त्री-संप्रेरकांसारखी वनस्पतिजन्य द्रव्यं आणि जड धातूही सापडले आहेत. घरातल्या कुणी आणून दिली तर ती न घेण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि घेतली गेली असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस. दोष तुझा नाही.

मग फोन बंद करायचा का?

फोन ठेवून द्या, असं मी सांगणार नाही, कारण कुणी ठेवणार नाही, आणि त्यात चांगलंही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची 'लॅक्टमेड' नावाची मोफत नोंदवही आहे. अंगावर पाजताना कोणतं औषध, कोणती वनस्पती याबद्दल काय माहीत आहे, ते तिथे मिळतं. मेथी, शतावरी दोन्ही आहेत. भाषा इंग्रजी आहे, शब्द जड आहेत, म्हणून ओळखीच्या फार्मासिस्टबरोबर बसून वाचलं तर बरं. स्थानिक नावापेक्षा वनस्पतीच्या शास्त्रीय नावानं शोधावं, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वनस्पती विकल्या जातात. आणि 'माहिती उपलब्ध नाही' असं दिसलं तर त्याचा अर्थ सुरक्षित असा घेऊ नये.

फार्मासिस्टला आपण फक्त गोळ्या देणारा समजतो. दोन औषधं एकत्र चालतात का, हे विचारायला तो सगळ्यात जवळचा जाणकार. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉईडच्या गोळीपासून या दोन्ही किमान चार तास लांब हव्यात. सरकारी लोह-फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक अशी मिळते. तिच्यावर अजून लोहाचं टॉनिक घ्यायचं का, हे हिमोग्लोबिन पाहून ठरतं, शेजारणीचं पाहून नाही. परदेशातून आलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर 'व्हिटॅमिन ए'चा आकडा बघा. रेटिनॉलच्या रूपात दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेला तर बाळाला धोका संभवतो.

वेळ मिळत नाही ही अडचण खरीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. गुजरातेत गरोदर बाईला तपासण्यांच्या नोंदीसाठी मिळणारं ममता कार्ड बरोबर असतंच, त्यात एक चिठ्ठी घालून ठेवा: वस्तूचं नाव, कशासाठी घेते, किती, दिवसातून किती वेळा, कधीपासून. रक्तस्राव, पोटातली हालचाल कमी होणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, पाणीही पोटात न ठरणं, यांतलं काही झालं तर चिठ्ठी, काढा, फोन सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

आणि एखाद्या औषधानं त्रास झालाच, मग ते कोणत्याही पॅथीचं असो, तर डबा फेकू नका, बॅच क्रमांकासकट जपून ठेवा. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. तक्रार डॉक्टरांनीच करावी असं नाही, स्वतः बाई करू शकते, तिचा नवरा किंवा आई करू शकते. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीत आहे, गुजरातीतही आहे.